मुख्याध्यापिका सावित्रीबाई फुले : चरित्र आणि बोध

ज्ञातीच्या स्मरणिकेत थोरामोठ्यांपैकी एखाद्याचे चरित्र असावे, हा एक चांगला प्रघात आहे. चरित्र वाचून अभिमान वाटावा एवढाच त्याचा हेतू नसतो. आपल्या घरातील एखादा प्रश्न त्या चरित्राच्या उजेडात नीट पाहता यावा, हाही असतो. सावित्रीबाई फुले यांचे नाव आपल्या माळी समाजात कोणास ठाऊक नाही? दरवर्षी ३ जानेवारीस गोंदिया जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून त्यांच्या तसबिरीस हार घातला जातो, मुली लुगडे नेसून व कपाळी आडवी चिरी रेखून भाषणे करतात, आणि आपणही कौतुकाने टाळ्या वाजवितो. तथापि पहिल्या शिक्षिका एवढ्याच शब्दांत त्यांचा परिचय आटोपण्याची आपणांस सवय लागली आहे. त्या मुख्याध्यापिकाही होत्या, म्हणजे शाळा चालविण्याचा भार त्यांच्या शिरावर होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावयाचे योजिले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव या गावी झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील हे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ. आईचे नाव लक्ष्मीबाई. त्या काळच्या रूढीप्रमाणे १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतिराव गोविंदराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जोतिराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईत फुले पुरविण्याचा व्यवसाय करीत असल्यामुळे त्यांना फुले हे नाव पडले. मळा, माती, पाण्याचे पाट आणि पहाटेची तोडणी यांत वाढलेले ते घर होते. आपल्या भागात, जेथे समाजातील पुष्कळ कुटुंबांची बाडीतील भाजीपाल्यावर गुजराण होत आली, तेथील वाचकांस त्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणणे मुळीच कठीण नाही.

विवाहसमयी सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी त्यांना घरीच शिकविण्यास आरंभ केला. जोतिरावांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवा होत्या. आईवेगळ्या जोतिरावांचे संगोपन त्यांनीच केले होते. या सगुणाबाईही सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकू लागल्या. पुढील अभ्यासात जोतिरावांचे स्नेही केशव शिवराम भवाळकर व सखाराम यशवंत परांजपे यांचे साहाय्य झाले. अहमदनगर येथील फॅरारबाई आणि पुण्यातील मिचेलबाई यांच्याकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शाळा उघडण्यापूर्वी त्यांनी शिकविण्याची विद्या शिकून घेतली. केवळ उत्साहावर विसंबून त्या वर्गात उभ्या राहिल्या नाहीत. अधिकाराच्या जागी बसावयाचे तर त्या जागेची तयारी आधी करावी लागते, हा त्यांच्या चरित्रातील पहिला बोध होय.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. आरंभी सहा मुली आल्या. शिकविण्याचे काम सतरा वर्षांच्या सावित्रीबाईंनी पत्करले. मुलींना लिहावयास शिकविले तर घरावर अरिष्ट येते, लिहिणारी स्त्री विधवा होते, अशा समजुती त्या वेळी शहाण्यासुरत्या माणसांच्या मनातही घर करून होत्या. शूद्रातिशूद्रांनी विद्या घेणे हेही पातक मानले जाई. सावित्रीबाई स्वतः स्त्री, शिवाय माळ्याच्या घरातील. तेव्हा त्यांच्यावर दुहेरी रोष ओढवला. शाळेच्या वाटेवर त्यांना शिव्याशाप ऐकावे लागत, अंगावर शेण, चिखल व खडे फेकले जात. यासाठी त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत पोहोचल्यावर मळलेले वस्त्र बदलीत आणि वर्गात जात. ही हकीकत सर्वश्रुत आहे. रोज ठरल्या वेळी शाळेचे दार उघडले पाहिजे, कारण आत मुली वाट पाहत बसल्या आहेत, हे भान असल्याखेरीज असा नेम पाळला जात नाही.

पुढील वर्षी त्याहून मोठा आघात झाला. लोकांच्या दडपणामुळे गोविंदरावांनी पुत्रास व सुनेस शाळा किंवा घर यांपैकी एकाची निवड करण्यास सांगितले. १८४९ साली पतिपत्नींनी घर सोडले. शाळाही काही काळ बंद ठेवावी लागली. हा प्रसंग वाचताना गोविंदरावांस दोष देणे सोपे आहे. परंतु त्या सज्जन गृहस्थास ज्ञातीचे व शेजाऱ्यांचे भय वाटले, हे आपण विसरू नये. सुनेच्या मार्गातील धोंड बहुधा घरच्यांच्या दुष्टपणाची नसते, लोक काय म्हणतील या भीतीची असते. ज्ञातीच्या संस्थेने या प्रसंगावर अंमळ थांबून विचार करावा, असा तो आहे.

घर सुटले तरी काम सुटले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली होत्या. थोड्याच काळात ती संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत आणखी दोन शाळा निघाल्या. सावित्रीबाई मुख्याध्यापिका झाल्या, आणि त्यांच्या हाताखाली विष्णू मोरेश्वर व विठ्ठल भास्कर हे पुरुष शिक्षक काम करू लागले. वाचकहो, या एका ओळीचे महत्त्व लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पुण्यासारख्या शहरात, वीस-एकवीस वर्षांची माळी समाजातील एक स्त्री शाळेची प्रमुख आहे आणि शिकलेसवरलेले पुरुष तिच्या मार्गदर्शनाखाली वर्ग घेत आहेत. स्त्रीने शिकविणे लोकांस जितके विपरीत वाटले असेल, त्याहून तिने शाळेचा कारभार पाहणे अधिक विपरीत वाटले असले पाहिजे.

मुख्याध्यापिकेचे काम कोणते? मुली मिळविणे हे पहिले. घरोघर जाऊन आयांची समजूत घालावयाची, आलेली मुलगी सणवार, लग्न किंवा घरकाम यांसाठी गळून जाणार नाही हे पाहावयाचे. दुसरे काम शिक्षणाचा दर्जा राखण्याचे. या शाळांतून वाचन, व्याकरण, अंकगणित, इतिहास, भूगोल व नकाशावाचन हे विषय शिकविले जात. म्हणजे मुलींना केवळ स्तोत्रे वाचण्यापुरते अक्षरज्ञान द्यावे, असा संकुचित विचार तेथे नव्हता. तिसरे काम जमाखर्चाला तोंड देण्याचे. शाळांच्या व्यवस्थेसाठी शहरातील काही गृहस्थांची मंडळी नेमण्यात आली होती. देणग्या जमविल्या जात. दक्षिणा निधीतूनही साहाय्य मिळू लागले. हा निधी मुळात पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांना द्यावयाच्या दक्षिणेचा होता. त्यातील काही भाग मुलींच्या शिक्षणाकडे वळला, हाही त्या काळातील एक मोठा पालट होय.

चौथे काम परीक्षेचे. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी या शाळांतील मुलींची जाहीर परीक्षा पुण्यात घेण्यात आली. त्या वेळी तीन शाळांत मिळून २३७ मुली होत्या. परीक्षा पाहण्यासाठी लोकांनी अफाट गर्दी केली. पाच वर्षांपूर्वी ज्या शहरात सहा मुली मिळविणे कठीण गेले, त्याच शहरात मुलींची परीक्षा हा सार्वजनिक कौतुकाचा विषय झाला. त्याआधी १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतिरावांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला होता. जोतिराव त्या सन्मानास सर्वस्वी पात्र होते. परंतु वर्गावर्गांत हिंडून शाळा उभी ठेवणाऱ्या मुख्याध्यापिकेचा वाटा त्या शालीत केवढा होता, हे जोतिरावांइतके कोणास ठाऊक असणार!

शाळा कशी होती हे तिच्या विद्यार्थिनींवरून ओळखावे. मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी फुले दाम्पत्याच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकली. तिने महारमांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदय या पत्रात प्रसिद्ध झाला. कोवळ्या वयाच्या मुलीने धर्माच्या व समाजाच्या धुरीणांस त्यात परखड प्रश्न विचारले होते. सावित्रीबाईंचा काव्यफुले हा संग्रह त्याच्या आदल्या वर्षी, १८५४ साली, प्रसिद्ध झाला होता. शिक्षिका स्वतः लिहीत असेल तर विद्यार्थिनीच्याही हाती लेखणी येते, हे यावरून दिसते. १८५५ साली शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळाही निघाली. दिवसभर राबणाऱ्यांना दिवे लागल्यावर शिकविणे हे तर आपल्या कष्टकरी समाजास विशेष जवळचे वाटावे असे कार्य आहे.

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या व विश्रांतीसाठी माहेरी नायगावास जाऊन राहिल्या. तेथून ऑक्टोबर महिन्यात त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले. प्रकृतीस आराम पडताच आपण पुण्यास परतू, असे त्यात त्यांनी कळविले. आणि आपल्या गैरहजेरीत फातिमा या सहकारिणीस फार त्रास पडत असेल, तरीही ती कुरकुर करणार नाही, असा विश्वासही व्यक्त केला. साधेच पत्र, परंतु त्यात मुख्याध्यापिकेचे मन स्वच्छ उमटले आहे. अंथरुणावर असता त्यांना चिंता शाळेची आणि सहकारिणीवर पडणाऱ्या भाराची. शिवाय त्यांच्या मागे शाळा बंद पडली नव्हती. दुसरी एक स्त्री ती सांभाळीत होती. आपल्यामागे काम सांभाळील अशी दुसरी स्त्री तयार करणे, हे प्रमुखपदाचे सर्वांत अवघड कर्तव्य होय, आणि ते त्यांनी पंचविसाव्या वर्षी पार पाडले होते.

यानंतर शाळांवर वाईट दिवस आले. १८५७ च्या उठावानंतर युरोपियनांकडून येणाऱ्या देणग्या आटल्या, सरकारी साहाय्यास ओहोटी लागली, व्यवस्थापक मंडळीत मतभेद झाले आणि १८५८ च्या सुमारास जोतिराव त्या मंडळीतून दूर झाले. चांगली चाललेली संस्था पैशाअभावी कशी खचते, याचे हे उदाहरण आहे. सावित्रीबाईंनी मात्र निराश होऊन घरात बसणे पत्करले नाही. १८६३ साली पतिपत्नींनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल मारू नये, अशी ती सोय होती. १८८४ पर्यंत पस्तीस स्त्रियांनी तिचा आश्रय घेतला होता. त्या सर्वांची शुश्रूषा सावित्रीबाई स्वतः करीत. तेथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनी दत्तक घेऊन यशवंत हे नाव दिले व त्यास डॉक्टर केले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. तिच्या कार्यात आणि १८७६-७७ च्या भीषण दुष्काळातील अन्नदानाच्या व्यवस्थेतही त्या अग्रभागी होत्या. शाळा चालविताना अंगी बाणलेली शिस्त व माणसे जोडण्याची हातोटी त्यांना या कामांत उपयोगी पडली असावी, असे म्हणावयास हरकत नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिरावांचे निधन झाले. अंत्यसंस्कारसमयी दत्तक पुत्राच्या अधिकाराविषयी भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी स्वतः टिटवे हाती धरले आणि पतीच्या देहास अग्नी दिला. स्त्रीने स्मशानात जाऊ नये असे मानणाऱ्या काळातील ही घटना आहे. पुढे १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले असता डॉ. यशवंतरावांनी हडपसरनजीक ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलास सावित्रीबाईंनी स्वतः उचलून त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या हातांनी मुलींच्या हातात पाटीपेन्सिल दिली, त्याच हातांनी अखेरीस एका आजारी लेकरास उचलले.

सावित्रीबाईंच्या कार्याचा वारसा पुढे अनेकींनी चालविला. आपल्या विदर्भापुरतेच पाहावयाचे तर उमरेड येथे १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. महार समाजातील गरीब कुटुंबातील या बाईंनी आरंभी हमाली केली. पुढे शिकून त्या मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या, परंतु अस्पृश्य शिक्षिका नको म्हणून पालकांनी गिल्ला केला व त्यांना ती नोकरी सोडावी लागली. त्यांनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळाच काढली. ज्या शाळेने दार लावले तिच्या दाराशी रडत न बसता, स्वतःच दुसरी शाळा उघडून तिची धुरा वाहावयाची, ही वृत्ती सावित्रीबाईंच्याच कुळातील होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सावित्रीबाई शाळा चालवीत होत्या तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निवर्तल्यावर तो इंग्रजांकडे गेला. गोंदियास आगगाडी आली तीही त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने. दीर्घकाळ भंडाऱ्याचा भाग असलेला हा प्रदेश १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा झाला. आज गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या आठही तालुक्यांत मुली शाळेत जातात. आपल्या समाजातील कित्येक मुली शिक्षिका झाल्या आहेत, ही निःसंशय अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु येथेच आपल्या घरातील प्रश्न सुरू होतो. मुलगी शिक्षिका होईपर्यंत आपण तिच्या पाठीशी असतो. किंबहुना सोयरीक जुळविताना तिच्या नोकरीचा उल्लेख मोठ्या प्रौढीने करतो. पुढे मुख्याध्यापिका, केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी अशा पायऱ्या येतात, तेव्हा मात्र घरातील सूर बदलतो. पदोन्नती घेतली तर देवरी-सालेकशाकडील दूरच्या गावी जावे लागेल, मुलांचे कसे होईल, सभांना उशीर होईल, पुरुष शिक्षकांना कामे सांगावी लागतील, वादावादी अंगावर येईल. त्यापेक्षा आपला वर्ग बरा, असा सल्ला तिला प्रेमाने दिला जातो. आणि तीही होकार देते. यात कोणी तिचा द्वेष करीत नाही. गोविंदरावांनीही सुनेचा द्वेष केला नव्हता.

या अडचणी खोट्या आहेत असे कोणीही म्हणणार नाही. दूरचे गाव, लहान मुले, सासूसासऱ्यांचे आजारपण ही संसाराची खरी ओझी आहेत. प्रश्न इतकाच की, याच अडचणी मुलास पदोन्नती मिळते तेव्हा आपणांस का दिसत नाहीत? तेव्हा घर आपोआप सरसावते. सून मुले सांभाळते, आई डबा करते, वडील पेढे वाटतात. हीच व्यवस्था सुनेसाठी का होऊ नये? जोतिरावांनी सावित्रीबाईंना शिकविले याची आपण वाखाणणी करतो. त्यांचे खरे मोठेपण याही पुढचे आहे. पत्नी शाळेची प्रमुख झाली, तेव्हा तिचा अधिकार त्यांनी मनापासून मानला आणि तिच्यासाठी वडिलांचे घरही सोडले.

कायद्याने आता वाट पुष्कळ मोकळी केली आहे. १९९४ च्या महिला धोरणानंतर महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखण्यात आल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. ज्यांना नोकरी नाही, अशा आपल्या गृहिणींनाही शाळेच्या कारभारात बोलण्याचा अधिकार यामुळे प्राप्त झाला आहे. परंतु समितीच्या बैठकीस सहीपुरते जावयाचे आणि बोलावयाचे ते घरधन्याने, असे जेथे चालते तेथे कायदा काय करणार? अधिकाराचे कागद सरकार देऊ शकते. तो वापरण्याचे बळ घरातून मिळावे लागते.

म्हणून ज्ञातीतील वडीलधाऱ्यांस नम्र विनंती आहे. घरात लेक किंवा सून शिक्षिका असेल तर तिला पुढील परीक्षांच्या तयारीस वेळ द्यावा. पदोन्नतीचा कागद आला तर नकार लिहिण्यापूर्वी सर्व कुटुंबाने एकत्र बसावे आणि कोण कोणते काम उचलील हे ठरवावे. समाजात ज्या भगिनी मुख्याध्यापिका म्हणून कार्य करीत आहेत वा निवृत्त झाल्या आहेत, त्यांनी नव्या शिक्षिकांना जमाखर्च, पत्रव्यवहार व सभेचे कामकाज शिकवावे. फातिमेच्या हाती शाळा सोपविणाऱ्या सावित्रीबाईंचे ते खरे अनुकरण होईल. समाजाच्या गुणगौरव समारंभात विद्यार्थ्यांप्रमाणे अशा भगिनींचाही सत्कार व्हावा, आणि त्यांना व्यासपीठावर मानाची जागा मिळावी.

पुण्यातील भिडे वाडा जीर्ण झाला होता. राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरविण्यात आला. पुण्याच्या विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले आहे. ही स्मारके योग्यच आहेत. परंतु येत्या ३ जानेवारीस आपल्या गावच्या शाळेत त्यांच्या तसबिरीस हार घालून झाला, की त्याच खोलीतील मुख्याध्यापकाच्या खुर्चीकडेही एकवार पाहावे. त्या खुर्चीवर उद्या आपल्याच घरातील एखादी लेक किंवा सून बसू शकेल काय, आणि ती बसावी म्हणून आपण आज काय केले, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. सावित्रीबाईंच्या स्मृतीस तेच उचित अभिवादन ठरेल.